इंदापूरला नेलेली भाजलेली माती

सांगवीहून निघालो तेव्हा माझ्या पिशवीत दोन शेर माती होती. इंदापूरजवळ साडूच्या रानातून पुण्याचे एक साहेब माती नेतात, तिच्यातून रोगावरचं औषध शोधतात, असं कळलं होतं. क्षयाची सुई अशीच मातीतून निघाली म्हणे.

माझी बायको आणि साडूची बायको सख्ख्या बहिणी. क्षय दोघींना झाला. माझी आधी गेली, सुई मागून आली, धाकटी वाचली. आता औषधाला मातीही त्याचीच? मला सोसवेना.

बारामतीपर्यंत शेजाऱ्याच्या बैलगाडीतून गेलो, पुढं एस.टी. काटेवाडीच्या आसपास पाटाच्या पाण्यावरचा ऊस दिसला. मग जिराईत (पावसाच्या भरवशाचं) रान सुरू झालं.

शेजारी बसलेल्या बाईनं पिशवी चाचपली. "आबा, काय न्हेताय?"

"माती."

"इंदापुरात माती न्हाय व्हय?"

"हाय, पर हलकी."

साडूच्या घरी मेहुणीनं भाकरी आणि हुलग्याचं माडगं (पातळ कालवण) वाढलं. भाकरी कडेला जरा जाड, माझ्या बायकोच्या हातची असायची तशीच. एका आईनं शिकवलेल्या दोघी. मी दोन घासांत उठलो.

साहेब बांधावर काचेच्या नळ्या भरत होते. मी पिशवी सोडली.

"बाबा, ही इतकी कोरडी कशी?"

"चाळली, मग तव्यावर भाजली. औषधाला न्हेनार, म्हनून एक किडा ठेवला न्हाय."

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "मातीत डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. त्यांतला एखादा शेजारच्या जंतूंना मारायला रस सोडतो. त्या रसाचंच औषध होतं. भाजल्यावर ते सगळे मेले."

साडू म्हणाला, "पाव्हणं, पेरायचं बी भाजून आणलंत की."

मी त्याच्याकडं बघितलं नाही. साहेबांना विचारलं, "मग ह्येच्या मातीत घावलं का औषध?"

"अजून नाही. पुष्कळ माती तपासावी लागते. कदाचित मिळणारही नाही."

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

साहेबांनी मला एक रिकामी नळी दिली. तुमच्या रानातली बांधाखालची ओली माती भरून आठवड्यानं बारामतीला आणून द्या म्हणाले.

मेहुणी गाडीपर्यंत पोचवायला आली. डोक्यावर गवताचा भारा, तरी माझ्यापुढं चालत होती. एकदाही खोकली नाही. "दाजी, येत जावा," म्हणाली. मी नुसतं "व्हय" म्हटलं. ती जगली याचं मला वाईट वाटत नाही. तिला घरी परतताना बघणारा साडू आहे, ते डाचतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगवीत माझ्या बांधावर उकिडवा बसलो. माझ्या मातीतून औषध निघालंच, तर कुठल्यातरी गावात कुणाची तरी बायको अंथरुणावरून उठेल, चूल पेटवेल. त्या न पाहिलेल्या नवऱ्याचाही मला आत्तापासून हेवा वाटला. बराच वेळ नळी हातात धरून होतो. मग ती भरली आणि बूच घट्ट बसवलं.