इंजिनाशेजारच्या आक्का

"बूड टेका आधी, मग बोला."

आक्कांकडे कुणी कितीही घाईत येवो, पहिलं वाक्य हेच. बोलता बोलता त्या पायानंच पाट पुढे सरकवायच्या, कारण हात कायम सुपात गुंतलेले. कचेरीतला शिपाई असो की दारावर आलेली बोहारीण, पाट सगळ्यांना एकच.

लग्न होऊन मी भोरात आले ती त्यांच्या शेजारच्या बिऱ्हाडात. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. भिंतीपलीकडे त्यांचा भात सडायचा धंदा होता. धंदा म्हणजे एक लांब पडवी, उखळं आणि मुसळं चालवणाऱ्या चार बायका. नवरा गेल्यावर आक्कांनीच तो उभा केला. त्यांचा आंबेमोहर पुण्यापर्यंत जायचा आणि त्याचा वास फुकटात आमच्या घरी यायचा.

मुलगा तुका मोठा झाला, एका लेकीचा बाप झाला, चार गावं फिरला, आणि एक दिवस भात सडायच्या इंजिनाचं खूळ घेऊन आला. खूळ म्हणते खरी, पण त्याचं चुकत नव्हतं. वाईच्या रस्त्यावर एका गावात इंजिन बसलं होतं आणि आमच्याकडची गिऱ्हाइकं तिकडे वळू लागली होती.

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आनि ह्या चौगी?"

तुका टोपी काढून डोकं खाजवू लागला.

"आधी ह्यांचं सांग. मग इंजिनाचं बोलू."

तरी दुसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपून त्या स्वतः ते इंजिन बघायला गेल्या. दिवसभर त्याच्यासमोर बसून राहिल्या. परतल्यावर मी विचारलं, "कसं आहे हो?"

"यंत्र लई गुणाचं हाय," त्या म्हणाल्या. "पर बाया उनात तिष्ठत्यात, आनि कुनाचा भात कुनाच्या गोणीत जातोय ते कुनालाच ठावं न्हाई. यंत्राला मानसं लागत्यात गं. आपल्याकडं ती हायेत."

झालं, इंजिन आलं. मुसळवाल्यांतली एकही घरी बसली नाही. दोघी पाखडायला, एक गोण्या सांभाळायला, आणि चंद्रा म्हणून जी सगळ्यांत तरणी होती ती यंत्राच्या तोंडात भात ओतायला. म्हातारी भागाबाई कुरकुरली, "आक्का, ह्याच्या तालावर ववी बसत न्हाई."

"मग वरच्या पट्टीत म्हन," आक्का म्हणाल्या.

मीही तक्रार घेऊन गेले होते. "आक्का, माझ्या मांडणीवरची भांडी नाचतात हो!"

"मग तूबी नाच की." आणि संध्याकाळी स्वतःच जुनी गोणपाटं घेऊन आल्या, माझं एकेक पातेलं उतरवलं, खाली गोणपाट अंथरलं आणि पुन्हा नीट रचून दिलं.

पण इंजिन चालू झालं आणि तुका हरवला. पहाटे जो त्याला चिकटायचा तो दिवेलागणीपर्यंत. भाकरी उभ्यानं, तीही एका हातात. दुसऱ्या माणसाला तो चाकाला हात लावू देत नसे. एका संध्याकाळी तो लेकीला उचलायला गेला. डोक्यापासून पायापर्यंत कोंडा, नुसते डोळे दिसत होते. पोर किंचाळून आईच्या पदरात शिरली. तुका हसला. आक्का हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. पडवी गोण्यांनी भरलेली, लांब डोंगरातल्या हिर्डोशीची माणसं डोक्यावर भात घेऊन रात्रीच निघून आलेली. ऐन दुपारी आक्का उठल्या आणि इंजिनाची तेलाची तोटी बंद केली. पुक्, पुक्, पुक् करत ते थांबलं. मी हातातला कणकेचा गोळा तसाच घेऊन दारात आले.

"आई! गिऱ्हाईक जाईल!" तुका ओरडला.

हिर्डोशीचा एक म्हातारा पुढं झाला. "आक्का, आमाला उजेडी डोंगर गाठायचाय."

"गाठशील बाबा. बूड टेक आधी." मग त्या तुकाकडं वळल्या. "काल पोर का रडली रं?"

"कोंड्याला भ्याली."

"कोंड्याला न्हाई भ्याली. तिनं तुला वळखलंच न्हाई."

तुका अंगावरचा कोंडा झटकू लागला. सगळी पडवी ऐकत होती.

"जा, आंगूळ कर, पोरीला मांडीवर घिऊन जेव. तवर चंद्रा चालवंल, रोज बघतीया ती."

"बाईमानूस इंजिन चालवनार?"

"मग इतकी वर्सं मुसळ काय तुजा आजा चालवत हुता?"

हशा पिकला. तुकालाही हसू आवरेना. तो आत गेला खरा, पण दाराआडून बघत राहिला. चंद्रानं कासोटा आवळला. चाकावर पट्टा चढवायला घेतला. पहिल्यांदा पट्टा निसटला. दुसऱ्यांदा बसला, पाखडणाऱ्या दोघींनी जोर लावून चाक फिरवलं, आणि इंजिन पुन्हा पुकपुकलं.

कुणाची गोणी पहिली घालायची हा प्रश्नच होता. सगळे एकमेकांकडं बघू लागले. शेवटी तो हिर्डोशीचा म्हाताराच म्हणाला, "घाला माजी. काय हुतंय ते बगू." खाली पडलेला तांदूळ त्यानं ओंजळीत घेतला, निरखला आणि मोठ्यानं जाहीर केलं, "व्हय की! तांदूळच हाय."

त्या दिवसापासून लांबच्या गावांचा भात सकाळी आणि भोरकरांचा दुपारनंतर, असं ठरलं. पुढं आक्कांची सूनही शिकली. तिघांनी पाळीपाळीनं इंजिन सांभाळलं. तुका संध्याकाळी लेकीला खांद्यावर घेऊन नदीवर जाताना दिसू लागला. काही गिऱ्हाइकं निव्वळ इंजिनवाली बाई बघायला यायची, पण येताना भात घेऊन यायची.

आक्कांना मी शेवटचं पाहिलं ते मोटारीच्या थांब्यावर. नागपंचमीला माहेरी, मार्गासनीला चालल्या होत्या. नसरापूरपर्यंत मोटार, पुढं भावाची बैलगाडी. नवरा गेल्यापासून माहेरचा सण त्यांना मिळालाच नव्हता. कधी धंदा, कधी घर. आता मागं बघणारी माणसं होती. तिकडेच पावसात त्यांना ताप भरला आणि त्या परतल्या नाहीत. भोरला बातमी आली त्या दिवशी इंजिन बंद होतं आणि मला घर खायला उठलं.

पण मला आठवतात त्या मोटारीतल्या. नवं लुगडं नेसून, ड्रायव्हरच्या शेजारची जागा अडवून ऐटीत बसलेल्या. भोवती पाऊस भुरभुरत होता. ड्रायव्हरनं मोटार सुरू केली, तसं त्यांनी पुढं वाकून कसल्याशा दांड्यावर बोट ठेवलं.

"आनि ह्यो कशाचा रं, बाबा?"

ड्रायव्हर हसत सांगू लागला. मोटार वळणाआड गेली तेव्हाही त्या वाकूनच बघत होत्या. मला हात करायचंसुद्धा त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.