आमच्या कोकणातल्या जर्मन वहिनी

आमच्या उषा वहिनी गोऱ्यापान आहेत, त्यांचे डोळे घारे आहेत, त्यांची पुरणपोळी आमच्या आईच्या पोळीच्या तोडीस तोड होते आणि नऊवारी तर त्या आमच्या घरातल्या कुठल्याही बाईपेक्षा चापूनचोपून नेसतात. फक्त त्या जर्मन आहेत. एवढी साधी गोष्ट मी एका माणसापासून दोन तास लपवायला गेलो आणि माझ्या मुलीच्या लग्नाचा पार विचका होता होता राहिला!

तो माणूस म्हणजे ग्रॅहम, माझा व्याही. (तेव्हा अजून व्हायचा होता.) आम्ही न्यूझीलंडमध्ये फ्लॅट बुशला राहतो, तो जवळच टाकानिनीला. मूळचा इंग्लंडच्या पार दक्षिण किनाऱ्यावरचा. हवा स्वच्छ असली की त्याच्या घरातून समुद्रापलीकडचा फ्रान्स दिसायचा, म्हणून त्या खिडकीला कायम पडदा! पस्तीस वर्षांपूर्वी बायको आणि दोन मुलं घेऊन तो न्यूझीलंडला आला. युरोपपासून माणसाला याहून लांब जाताच येत नाही. आणखी पुढे गेलं की परत जवळ यायला लागतं. पण एवढ्या लांब येऊनही त्याचा संशय काही फिटला नव्हता. फ्रेंच चीज खायचं नाही. जर्मन गाडीत बसायचं नाही. सुपरमार्केटमध्ये प्रत्येक डबा उलटा करून कुठल्या देशातला ते वाचायचं आणि युरोपातला निघाला की विंचू असल्यासारखा परत ठेवायचा. इंग्लंडने युरोपशी काडीमोड घेतला त्या दिवशी त्याने म्हणे अख्ख्या गल्लीला चहा पाजला होता.

"पण इंग्लंड युरोपातच आहे ना?" पहिल्या भेटीत मी आपलं सहज विचारलं.

ग्रॅहमने कप खाली ठेवला. "युरोप," तो म्हणाला, "पलीकडे आहे." (तो अर्थातच इंग्रजीत बोलतो, मी आपला मराठीत सांगतोय.)

"आणि आम्ही?"

"तुमचं ठीक आहे. तुम्ही क्रिकेट खेळता, चहा पिता, रांगेत..." इथे तो जरा अडखळला. "चहा पिता."

आता खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या! ज्यांनी आमच्यावर राज्य केलं त्यांच्यातल्या एकाने मला पास केलं होतं आणि अख्खा फ्रान्स नापास! मी हुरळून जाऊन म्हणालो, "हो ना, आणि त्या बेल्जियमवाल्यांचं तर नावच काढू नकोस!" बेल्जियमचा एकही माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही. तरी ठोकून दिलं. त्याबरोबर टेबलाखालून माझ्या नडगीवर सणसणीत लाथ बसली. ती माझ्या मुलीची, सईची होती.

गाडीत तिने मला फैलावर घेतलं. सई इथेच जन्मलेली, मराठी सगळं कळतं, पण भांडते इंग्रजीत. ग्रॅहमचा मुलगा ऑलिव्हर, म्हणजे आमचा होणारा जावई, त्याची थोरली बहीण एमा. तिने सहा वर्षांपूर्वी बेल्जियमच्या मुलाशी लग्न केलं आणि ती तिकडेच राहते. ग्रॅहम लग्नाला गेला नाही आणि तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. आई तर आधीच वारलेली.

"ऑलिव्हरला फक्त त्याचे डॅड आहेत," सई म्हणाली. "ते आमच्याही लग्नातून उठून गेले ना, तर तो मोडून जाईल. बाबा, प्लीज, डोन्ट स्टफ इट अप!"

(म्हणजे, विचका करू नका.) मी तिला शब्द दिला. आणि घरी येऊन चहाचं आधण ठेवताना मला एकदम आठवलं. लग्नाला जर्मनीहून कोण येणार होतं? माझा सख्खा मोठा भाऊ आणि त्याची एकतीस वर्षांपासूनची सख्खी जर्मन बायको!

वहिनींचं माहेरचं नाव उर्सुला. लग्नात दादाने ताटातल्या तांदळात अंगठीने 'उषा' लिहिलं आणि आमच्या आईने त्यांना चार वर्षं पुण्यात ठेवून घेऊन इतकं मराठी शिकवलं, की आता त्या आमच्या चुका काढतात. लग्नाच्या तीन दिवस आधी आमच्या घरी केळवण होतं आणि ग्रॅहमला त्याचं रीतसर आमंत्रण होतं. सकाळी स्वयंपाकघरात मी सगळ्यांना गोळा केलं आणि माझी योजना सांगितली.

"वहिनी, आजच्या दिवस तुम्ही कोकणस्थ."

दादाच्या हातातलं भजं पडलं. "अरे, वेड लागलंय का तुला?"

"दादा, बघ ना नीट! रंग आहे, डोळे आहेत, नाव आहे. अजून काय पाहिजे? त्याने काय कोकण बघितलंय?"

"अहो, पण खरं सांगून मोकळे व्हा ना," माझी बायको वैशाली म्हणाली. "व्याही काय खाणार आहेत का आपल्याला?"

"तुला इंग्रज माहीत नाहीत!" मी म्हणालो. (मला एकच माहीत होता.)

वहिनी पुरण वाटत होत्या. त्यांनी पूर्ण शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "नंदू, मी खोटं बोलणार नाही."

"बोलूच नका! त्याच्याशी फक्त मराठीत बोला. इंग्रजी बोललात की उच्चारावरून पकडेल. मी भाषांतर करतो."

"सईसाठी करते," त्या म्हणाल्या. "पण हा मूर्खपणा आहे, आणि तो तुझा आहे."

ग्रॅहम साडेबाराला आला, ऑलिव्हरसोबत, टाय लावून. वैशालीने पाटाभोवती रांगोळी काढली होती. गुडघ्यांमुळे ग्रॅहमला टेबलाशी बसवलं, म्हणून तिने टेबलावरही काढली. मी ओळख करून दिली. "हा माझा भाऊ. आणि ही त्याची बायको, उषा."

"नमस्कार," वहिनी म्हणाल्या. इथवर सगळं उत्तम.

ग्रॅहम त्यांच्याकडे बघतच राहिला. "बरीच गोरी आहे."

"कोकणातली!" मी जवळजवळ ओरडलोच. "आमची किनारपट्टी. तिकडची माणसं अशीच असतात, घाऱ्या डोळ्यांची!" (आम्ही स्वतः देशावरचे, आमच्या सात पिढ्यांत कुणाचे डोळे घारे नाहीत.)

"किनाऱ्यावरची?" ग्रॅहमचा चेहरा खुलला. "मीही किनाऱ्यावरचा! समुद्रावरच्या माणसांचं एकमेकांशी जमतं. तिला विचार, समुद्राची आठवण येते का?"

मी विचारलं. वहिनी मराठीत म्हणाल्या, "याला सांग, मी कोकणात दोनदा गेलेय आणि दोन्ही वेळा गाडी लागून आजारी पडले."

"ती म्हणते," मी इंग्रजीत सांगितलं, "की समुद्राच्या आठवणीने तिला अन्न गोड लागत नाही."

तेवढ्यात वहिनींनी दुसरी पुरणपोळी घेतली. ग्रॅहम त्या पोळीकडे बघत होता.

"वडील काय करायचे?"

"माझे वडील रेल्वेत इंजिनिअर होते," वहिनी म्हणाल्या.

कोकणात रेल्वे कधी आली, हे याला ठाऊक असलं तर? "मासेमार!" मी म्हणालो. "मोठी होडी होती!"

दादाला ठसका लागला. सईने माझ्याकडे वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते अजून आठवतं. 'हा माझा बाप नव्हे' असं सरळ लिहिलेलं होतं त्यात. पण एकदा होडी पाण्यात ढकलल्यावर मी काय करणार? ग्रॅहम विचारत गेला, वहिनी खरं सांगत गेल्या आणि मी बदलत गेलो. अर्ध्या तासात वहिनींच्या वडिलांच्या तीन होड्या झाल्या, दोन वादळं झाली आणि एका वादळात ते बिचारे वारले. वास्तविक ते जर्मनीत ठणठणीत होते. नव्वदीचे!

"काय म्हणालास त्याला?" वहिनींनी कडक आवाजात विचारलं. त्यांना इंग्रजी माझ्याहून चांगलं येतं, हे मी सोयीस्करपणे विसरलो होतो.

ग्रॅहम सावकाश मागे टेकला, श्रीखंडाची वाटी हातात घेतली आणि जुन्या आठवणीत शिरला. "एकदा आम्ही स्पेनला गेलो होतो. पोहण्याच्या तलावाशी आरामखुर्च्या होत्या. पण जर्मन लोक! पहाटेच उठून सगळ्या खुर्च्यांवर आपापले टॉवेल टाकून ठेवायचे. पूर्ण आठवडा आम्हाला एकही खुर्ची मिळाली नाही. चोर आहेत, चोर!"

मी वहिनींकडे बघून डोळ्यांनी विनवत होतो. वहिनींच्या गोऱ्या गालावर लाली चढत चढत कानापर्यंत पोचली. त्यांनी चमचा ताटात सरळ ठेवला.

"हे खोटं आहे!" त्या खणखणीत इंग्रजीत म्हणाल्या. "आम्ही टॉवेल टाकतो, कारण आम्ही उठतो! तुम्ही दहापर्यंत झोपता, तो काय आमचा दोष? आणि माझे वडील जिवंत आहेत!"

ग्रॅहमने वाटी खाली ठेवली, रुमालाने तोंड पुसलं आणि सरकतं दार उघडून मागच्या डेकवर, म्हणजे लाकडी ओट्यावर, निघून गेला. ऑलिव्हर पांढराफटक पडला. सईने तोंड दोन्ही हातांत लपवलं. "हॅपी, बाबा?" एवढंच ती म्हणाली. मेलेला बरा, असं मला वाटलं.

वहिनी मात्र उठल्या, पदर खोचला आणि त्याच्या मागे गेल्या. दार बंद. काचेतून दोघं बोलताना दिसत होती, ऐकू काही येईना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. काय सांगत होत्या त्या? माझ्याबद्दलच असणार! मी हळूच गॅरेजमधून बाहेर पडलो आणि वाकून, भिंतीच्या कडेने, डेकवरच्या बार्बेक्यूच्या शेगडीमागे जाऊन बसलो.

"...लग्नानंतर वडील तीन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत," वहिनी सांगत होत्या. "नवरा भारतीय म्हटल्यावर त्यांना कसकसले संशय! मग एके दिवशी त्यांनीच फोन केला."

"काय म्हणाले?" ग्रॅहमने विचारलं.

"तिकडे हवा कशी आहे, असं विचारलं. एवढंच. मी अर्धा तास रडले."

ग्रॅहम कठड्याला टेकला. मग म्हणाला, "एमाला आता एक मुलगी आहे. ऑलिव्हरने फोटो दाखवला."

"मग करा फोन."

"आत्ता नको. तिकडे पहाटेचे सव्वातीन झालेत." हे त्याने घड्याळाकडे न बघता सांगितलं. सहा वर्षं न बोललेला बाप, पण लेकीकडे किती वाजलेत ते त्याला तोंडपाठ होतं! मला गलबलून आलं. डोळे पुसायला हात उचलला, तो बार्बेक्यूच्या झाकणाला लागला आणि लोखंडी झाकण धाडकन माझ्या डोक्यावर!

"बाहेर ये, नंदू," ग्रॅहम म्हणाला. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. वहिनींनी आत जाऊन फ्रीजमधली मटारची पिशवी आणून माझ्या टाळूवर दाबली.

"तुला केव्हा कळलं?" मी कण्हत विचारलं.

"आल्या आल्या. मी दारात बूट काढत होतो, तेव्हा ती आत नवऱ्यावर जर्मनमध्ये ओरडत होती."

(मी म्हटलं होतं ना, फक्त मराठीत बोला! पण दादाने पुन्हा भजं पाडलं होतं.)

"मग ते टॉवेलचं?"

"खात्री करून घेतली. टॉवेलवरून कुठलाही जर्मन गप्प बसत नाही." मग तो गंभीर झाला. "मी तिच्यामुळे उठलो नाही. तुझ्यामुळे उठलो. जो माणूस सख्ख्या भावाच्या बायकोला लपवतो, तिच्या जिवंत बापाला बुडवतो, तो आणखी काय काय लपवत असेल? सईला काही आजारबिजार आहे का? हे घर तुझंच आहे ना?"

मी शपथेवर सांगितलं, घर माझंच आहे. त्याने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान हलवल्यावर मगच त्याला पटलं.

त्या संध्याकाळी त्याने एमाला फोन केला. हवेबद्दल विचारलं म्हणे. ती लग्नाला येऊ शकली नाही, इतक्या थोड्या दिवसांत कशी येणार, पण मोबाईलच्या पडद्यावर ती आपल्या पोरीला मांडीवर घेऊन बसली होती आणि ग्रॅहम तो मोबाईल अंतरपाटाच्या वर धरून तिला सगळं दाखवत होता. सई हसत होती आणि रडतही होती. माझ्याकडे बघून मानही हलवली तिने, म्हणजे बहुतेक माफ केलं असावं.

मग व्याहीभेट झाली. दोन्ही घरच्यांनी एकमेकांना कडकडून भेटायचं, हे ग्रॅहमला समजावून सांगितलं. तो आधी दादाला भेटला. मग जर्मन वहिनींना त्याने अशी मिठी मारली, की त्यांची नथ त्याच्या कोटात अडकली. शेवटी माझी पाळी आली. मलाही त्याने मिठी मारली, नाही म्हणणार नाही. त्याचा फोटो आमच्या हॉलमध्ये मोठा करून लावलाय आणि येणारा प्रत्येक जण तो कौतुकाने बघतो. ग्रॅहमचा डावा हात माझ्या पाठीवर आहे आणि उजव्या हाताने त्याने स्वतःचं पाकीट घट्ट दाबून धरलंय.