सखारामानं माझ्याकडून लिहून घेतलेलं पत्र

दोन हजार पंचवीस साल. मला त्र्याहत्तरावं लागलं होतं अन् सखाराम माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्या दिवशी दिवस मावळायच्या आधी त्याची मेंढरं गावात एकटीच आली. पुढं मेंढरं, मागं दोन कुत्री, अन् कुत्र्यांच्या मागं कुणीच नाही... मी दुकानाच्या ओट्यावर बसलोतो. कुणी काही सांगायची गरजच राहिली नाही. चार-पाच जण माळावर गेलो, तर कडुलिंबाखाली घोंगडं अंथरून, फेटा उशाला घेऊन पडलेला. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेला. त्याला आता दीड महिना झाला. मी चौथी शिकलेला माणूस, पेपरात लिहायचं माझं काम नव्हे. पण सखारामावर दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला चाललं नसतं. माझ्या नातीनं, रेणूनं, काना-मात्रा नीट करून दिल्या. दोन ठिकाणी ती म्हणाली, "आबा, हे खोडा." मी खोडलं नाही.

आमचं गाव आष्टीकडचं. पाऊस कमी, माळ जास्त. सखाराम धनगर, मी शेतकरी, पण लहानपणापासून एकमेकांना अरे-तुरे, अन् चिडलो की त्याच्या खालचं. माझा मुलगा अन् सून दरसाल ऊसतोडीला जातात, म्हणून रेणू आमच्याकडंच वाढली. आष्टीच्या कॉलेजात बी.एस्सी. झाली. सुट्टी असली की ती सखारामाच्या मेंढरांमागं माळावर. मी म्हणायचो, "पोरगी शिकवली अन् मेंढराला लावली, का म्हणून बे?" तो म्हणायचा, "भान्या, मेंढरं मी राखतो. ती लांडग्याला राखती." खरंच तसं होतं. सखारामानं तिला माग ओळखायला शिकवलं. कुत्रं चाललं की भरकटतं, हे हुंग, ते हुंग. लांडगा सरळ एका सुतात चालतो, पुढच्या पायाच्या ठशात मागचा पाय टाकतो. ती सगळं वहीत लिहायची... तारीख, जागा, किती दिसले, पिल्लं होती का. तीन वह्या भरल्या होत्या. गावातल्या बाया हसायच्या. मला बी तेव्हा त्या वह्यांचं मोल कळलं नव्हतं, हे इथं लिहून टाकतो.

तिला काम पाहिजे होतं ते रानातलं, जनावरांचं. वनरक्षकाच्या भरतीत थोडक्यात राहिली. मग फोनवर जाहिराती शोधायची, अर्ज भरायची. सगळीकडं एकच विचारणा, अनुभव किती. ती चिडून म्हणायची, "आबा, काम दिल्याशिवाय अनुभव येणार कुठून?" तिकडं माझ्या मुलानं एक स्थळ बघून ठेवलंतं. त्यानं स्पष्ट सांगितलं, दिवाळीनंतर आमची गाडी तोडीला निघायच्या आत काही जमलं तर जमलं, न्हाई तर लग्न. अशात तिला पुण्याकडच्या एका संस्थेची जाहिरात सापडली. माळरान अन् लांडग्यांचा अभ्यास, सहा महिने शिकत शिकत काम करायचं, राहणं-खाणं त्यांचं. इंटर्नशिप म्हणतात त्याला. अर्जासोबत एक पत्र मागितलं होतं, तुमचं काम डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं.

पत्र म्हटल्यावर मी कपडे बदलले. आमच्या भागात नोकरीचं पत्र म्हणजे पुढाऱ्याचं पत्र, दुसरं आम्हाला ठाऊकच नाही. दोन दिवस पुढाऱ्याच्या बंगल्यावर बसलो अन् लेटरहेडवर शिक्क्यासकट घेऊन आलो. 'सदर मुलगी होतकरू व कष्टाळू असून गरीब कुटुंबातील आहे.' मला वाटलं, झालं काम. रेणूनं वाचलं, घडी घातली अन् माझ्या हातात परत दिलं. म्हणाली, "आबा, त्यांनी मला कधी बघितलं बी न्हाई. माझं काम बघितलं सखाअप्पानं." मी म्हणालो, "त्याला सही तरी येती का?" ती म्हणाली, "अंगठा येतो की. लिहून तुमी द्या."

म्हणून आम्ही तिघं सखारामाच्या वाड्यावर बसलो. वाडा म्हणजे त्याचं मेंढरं कोंडायचं काटेरी कुंपण. एक कोकरू माझं धोतर चघळत होतं. सखाराम सांगायला लागला अन् पहिल्याच वाक्याला माझा पेन थांबला. तो म्हणाला, "लिही, पोरगी सापाला लई भिते."

"अरे, रानातल्या नोकरीचं पत्र हाय हे!"

"म्हणूनच सांगतो. पळत न्हाई पण. जागेवर उभी राहती, रडती, अन् रडत रडत वहीत लिहिती. हे बी लिही. पुढं लिही, मोठ्या माणसाशी वाद घालती. पुढं लिही, एकदा सांजेला वढ्यात लांडगा बघितला म्हणाली. सकाळी इतकं लांब चालत आली अन् म्हणाली, अप्पा, तो कोल्हा होता, मी चुकले, वहीत खोडलं."

मी मान हलवत गेलो अन् कागदावर माझंच लिहीत गेलो. पोरगी हुशार, पोरगी धाडसी, कशालाही न भिणारी, निर्व्यसनी, घराणं चांगलं, स्वयंपाकात तरबेज. स्थळाच्या कागदावर लिहितात तसं. मला दुसरं येत नव्हतं अन् जे तो सांगत होता ते माझ्या नातीबद्दल मी लिहिणार नव्हतो. पत्र झालं. सखाराम शाई लावायला अंगठा पुढं करून म्हणाला, "रेणू, वाच बरं." मला वाटलं, पोरगी सांभाळून घेईल. तिनं जे कागदावर होतं ते वाचलं, शब्दाला शब्द.

सखारामानं अंगठा मागं घेतला.

"माझा साप कुठं गेला बे, भान्या?"

मी म्हणालो, "असलं लिहिलं तर तिला कोण घेणार?"

तो लई शांत बोलला. म्हणाला, "मी बाजारात मेंढरू विकताना आधी खोड सांगतो. लंगडतंय, खोकतंय, जे काय असंल ते. घेणारा मग बाकीच्यावर इस्वास ठेवतो. तू सगळंच चांगलं लिहिलंस, आता त्यातलं खरं काय ते त्या माणसानं कसं वळखायचं? अन् सैपाक कशाला लिहिलास? लांडग्याला वाढायचंय का?"

रेणू तोंड फिरवून हसली. मला राग आला. दुसरा कागद घेतला अन् तो बोलला तसं, सापासकट, कोल्ह्यासकट, सगळं लिहिलं. पेन इतका दाबला की कागद दोन जागी फाटला. त्यानं अंगठा उठवला. मी उठलो अन् जाता जाता म्हणालो, "पोरीचं वाटोळं झालं तर तुझं तोंड बघणार न्हाई." अन् खरंच महिनाभर बघितलं नाही. तो माझ्या दारावरून मेंढरं घेऊन जायचा, मी भिंतीकडं तोंड करून बसायचो. तो मोठ्यानं कुत्र्याला म्हणायचा, "चल रं, पाटील झोपलेत." मी पाटील नाही, हे कुत्र्याला बी माहीत होतं.

दिवाळीच्या आधी फोन आला. संस्थेतल्या एक बाई होत्या, रेणूनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला. निवड झाली म्हणाल्या. अन् म्हणाल्या, "पत्रं खूप आली, सगळ्यांत सगळे हुशार. तुमचं वाचून मात्र आम्हाला मुलगी दिसली. रडत रडत नोंद करणारी आम्हाला पाहिजेच होती." मुलगा तोडीला गेला, रेणू पुण्याकडं. मी सखारामाकडं गेलो, त्याच्याशेजारी बसलो. चुकलो असं काही मी म्हणालो नाही. त्यानं बी विचारलं नाही. तंबाखूची पुडी पुढं केली, एवढंच.

सहा महिन्यांचं वर्ष झालं, अन् वर्षानंतर त्याच संस्थेत तिला पगाराची जागा मिळाली. आमच्या गावातली ऊसतोड्याची पोरगी माळामाळानं फिरून लांडग्यांचा हिशेब ठेवते. मी हे बसस्टँडवर अनोळखी माणसाला सुद्धा सांगतो, अन् पुढंही सांगणार. आमचा माळ तिच्याच कामात होता. दर रविवारी सखाराम साध्या फोनवरून तिला सांगायचा, काय दिसलं, काय नाही. त्याच्या शब्दावर तिकडं नोंद व्हायची. अंगठा लावणाऱ्या माणसाच्या शब्दावर! हा मान आमच्या भागात कुठल्या शिकलेल्याला मिळाला असंल तर दाखवा.

दहाव्याला रेणू आली. पिंडाला कावळा शिवला, जेवणं उरकली. संध्याकाळच्या गाडीला तिला सोडायला गेलो. ती म्हणाली, "आबा, आपला माळ आता संस्थेच्या यादीतून जाईल. रोज फिरून सांगणारं कुणी ऱ्हायलं न्हाई. अन् नोंद न्हाई तर तिथं लांडगे हायेत हे कुणी मानणार न्हाई. उद्या कुणी तो माळ नांगरला तरी कोण अडवणार?"

मी म्हणालो, "मी हाय की."

तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "तुमी हाव आबा. पण तुमी माझ्यासाठी न दिसलेलं बी दिसलं म्हणाल."

गाडी आली, ती गेली. त्र्याहत्तर वर्षांत मला असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. घरी येऊन जेवलो नाही. रागावलो होतो म्हणून नव्हे... तिचं खरं होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी उजाडताच काठी घेतली अन् माळावर गेलो. वढ्याच्या दोन्ही अंगानं उन्हं चढेपर्यंत चाललो. गुडघे बोलत होते. एका जागी ओल्या मातीत ठसे होते, वाकून बघितले, बसून बघितले, चष्मा पुसून बघितले. मग रेणूला फोन लावला अन् म्हणालो, "लिहून घे. लांडगा दिसला न्हाई. माग हाय, पण कुत्र्याचा का लांडग्याचा, ते मला वळखू येत न्हाई."