क्लचताईच्या टेपा आणि एक अल्बम

चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर लोकांना विचारते, "हे अक्षर दिसतंय का?" पण गाडी शिकायला बसले तेव्हा मला स्वतःला समोरचा दिव्याचा खांब दिसत नव्हता, इतकी मी घाबरलेली. शेजारी शिकवणारी बाई बसली होती. चाळिशीला टेकलेली, उंच, आणि आवाज असा की काच खाली न करता चौकापलीकडच्या माणसाने दचकून मागे बघावं.

"क्लच! क्लच दाब! अगं, पूर्ण दाब, गोंजारतेस काय त्याला!"

दिवसभर तिचा हाच गजर चाले. म्हणून सगळे तिला क्लचताई म्हणत. खरं नाव तिच्या लायसन्सवर असेल, ते कुणी विचारत नसे.

तर त्या दिवशी भर चौकात गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. माझ्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, आता ही बाई मला फाडून खाणार. पण तिने डॅशबोर्डवर बोटांनी ठेका धरला आणि माझ्याकडे न बघताच सुरू केलं:

"आरशात बघ, मग बाजूला बघ,
मागचा कोकलतोय, कोकलू दे मग!
घाई त्याची आहे, गाडी तुझी आहे,
त्याच्या घाईशी तुझं देणंघेणं काय आहे?"

मला हसूच फुटलं. हसता हसता गिअर पडला आणि गाडी निघाली. पुढच्याच आठवड्यात मी गाडी मागे घेताना कचऱ्याचा डबा आडवा केला. नंतर तिने हातात पेनड्राइव्ह ठेवला. घरी लावून ऐकते तर काय:

"चष्मेवाली आली, रिव्हर्स टाकला,
कचऱ्याचा डबा नमस्काराला वाकला!"

हिप-हॉप नावाच्या जगात माझा प्रवेश झाला तो असा, कचऱ्याच्या डब्यावरून.

क्लचताईला तिच्या आत्याने वाढवलं. आई-वडील लहानपणीच गेले. आत्या पडदे शिवते. दोन खोल्यांचं घर, त्यातली एक खोली कापडाच्या ठाणांनी भरलेली, आणि त्या ठाणांवरच झोपून क्लचताई मोठी झाली. आत्याचं बोलणं तिच्या मशीनसारखं, एकदा सुरू झालं की शिवण संपेपर्यंत थांबायचं नाही. रॅपचा वारसा कुठून आला हे वेगळं सांगायला नको. गाडी शिकवायला लागल्यावर क्लचताईच्या ध्यानात आलं, की शिकणाऱ्यावर ओरडलं तर त्याचा पाय थरथरतो आणि यमक जुळवलं की थरथर थांबते. मग सिग्नलला थांबलं की यमक, उतारावर यमक, वाहतूक पोलिसाने अडवलं तरी यमक.

हे सगळं पहिल्यांदा रेकॉर्ड केलं ते वूफरने. वूफर म्हणजे गाड्यांना स्पीकर बसवणारा एक गडी, स्वतःही स्पीकरसारखाच चौकोनी आणि खर्जात बोलणारा. त्याच्या दुकानामागे एक कोंदट खोली होती. तिच्या भिंतींना त्याने जुनी सीट कव्हरं ठोकली, एक माइक टांगला आणि झाला स्टुडिओ. तो कुठल्या कुठल्या देशांतल्या गाण्यांचे ठेके इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा आणि ताई त्यावर बोलायची. ठेका दुसऱ्याचा, परवानगी कुणाचीच नाही, त्यामुळे विकायचा प्रश्नच नव्हता. ताई ती गाणी फुकट वाटायची. यालाच मिक्सटेप म्हणतात. आता त्यात टेप नसते, पेनड्राइव्ह किंवा लिंक असते, पण नाव तेच राहिलंय.

पहिली टेप 'हाफ क्लच'. मग 'रिव्हर्स'. मग 'पार्किंग नाही'. मनात येईल ते त्यांत असायचं. अर्धवट गाणी, मध्येच आलेली शिंक, शिकणाऱ्यांच्या किंकाळ्या. आणि दोन गाण्यांच्या मध्ये आत्याने फोनवर पाठवलेले निरोप: "अगं, येताना दूध आण. आणि त्या टॅक्सीवाल्याला इतकं बोलू नकोस, त्यालाही घरी कुणीतरी बोलतच असेल." लोकांना गाण्यांइतकीच आत्या आवडायची. टॅक्सीवाले, पार्सल पोचवणारे, नर्सबाई, सगळ्यांच्या गाडीत टेप वाजायची. जो कुणी तिच्याकडे शिकून जाई, तो आपल्यासोबत टेप नेई आणि पुढे पसरवी.

पण ताईच्या मनात सल होता. रॅपच्या स्पर्धांना गेली की तिथली पोरं विचारायची, "ताई, अल्बम कधी?" म्हणजे टेपा ठीक आहेत, गंमत आहे, पण अल्बम केल्याशिवाय पंगतीत पान नाही. तिलाही तेच वाटायचं.

"टेपेला कुणी नावं ठेवत नाही," ती मला एकदा म्हणाली, "कारण टेप कुणी हिशेबात धरतच नाही. अल्बम म्हणजे छातीवर हात ठेवून सांगायचं, हे माझं. इथून तिथपर्यंत."

आणि एक दिवस खरोखरच कंपनीचा फोन आला. गाणी काढणारी कंपनी. तिथल्या बाईंनी तिन्ही टेपा ऐकल्या होत्या. बाई हुशार होत्या, आणि मनाने चांगल्याही. त्यांनी सरळ सांगितलं, "तुमच्या टेपा म्हणजे कट्ट्यावरच्या गप्पा. माणूस येता-जाता थांबतो, ऐकतो, जातो. अल्बमला तो ठरवून येऊन बसला पाहिजे. ठेके सगळे स्वतःचे हवेत, उसना एकही नको. आणि हे मधले निरोप काढून टाका, गाणी सुटी सुटी वाजवता येत नाहीत त्यामुळे."

"म्हणजे आत्याला काढायचं?"

"आत्याबाईंना काढायचं," बाई म्हणाल्या.

ताईने मान डोलावली. एक गोष्ट मात्र तिने हट्टाने मागून घेतली: ठेके वूफरच करणार. वूफरची पाचावर धारण बसली. "ताई, मी आजवर लोकांचेच ठेके लावले गं. माझा स्वतःचा असा एकही नाही."

"मग आता असेल," ताई म्हणाली.

कंपनीचा स्टुडिओ गारेगार, काचेचा, पायाखाली गालिचा. ताई तिथे चप्पल काढून जायची आणि आवाज आपोआप खाली यायचा. तिने मोठी मोठी गाणी लिहिली. आभाळ, वणवा, काळोख, समाज, सगळं त्यात आलं. वूफरने भीत भीत गुळगुळीत ठेके केले. काम झाल्यावर ती मोठ्या उमेदीने घरी आली आणि आत्याला ऐकवलं. आत्याने मशीन थांबवलं. पहिलं गाणं ऐकलं, दुसरं ऐकलं. मग चष्मा कपाळावर सरकवून विचारलं,

"ही कोण बाई?"

"आत्या, मी आहे."

"हो का? बरी बोलते. पण ही आपल्या घरी आली तर हिला बस म्हणावं की उभं राहून टाळ्या वाजवाव्यात, कळत नाही मला."

ताईचा चेहरा पडला. वाईट वाटलं ते आत्या खरं बोलली म्हणून. कंपनीला तिने कळवलं, थोडा वेळ द्या. गाणी बंद, वूफरच्या खोलीला कुलूप, शिकवणीलाही तिचं लक्ष नाही. मी दुकानात जाता-येता बघायचे, शिकवणीची गाडी फाटकाशी धूळ खात उभी.

आत्याला ती उभी गाडी बघवेना. एके सकाळी ती पडद्यांचं गाठोडं मागच्या सीटवर टाकून सरळ ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसली. "गिऱ्हाइकांकडे बसने जाऊन कंबर गेली माझी. शिकव मला."

"आत्या, या वयात?"

"या वयात कंबर जाते, तर या वयात गाडी का येऊ नये?"

वूफर त्याच वेळी मागच्या दाराचा स्पीकर दुरुस्त करत बसला होता. त्याला उतरायलाही वेळ मिळाला नाही. गाडी सशासारखी उड्या मारत फाटकाबाहेर पडली. आत्याने चुकून वायपर लावला, मग इंडिकेटर लावला, आणि दोन्ही बंद कसे करायचे ते काही तिला सापडेना. काचेवर वायपर खर्र-खर्र, आत इंडिकेटर टिक-टॉक, टिक-टॉक, आणि आत्याचं तोंड त्या दोन्हींच्या वर:

"थांब, थांब, थांब गं, थांबतेय ना मी! अरे ए सायकलवाल्या, बाजूला हो, मला अजून येत नाही!"

ताई इतक्या दिवसांनी पोट धरून हसली. आणि हसता हसता तिच्या तोंडून निघून गेलं:

"थांब म्हणता म्हणता बघ निघालीस की तू,
अख्खा जन्म मागे बसलीस, आता पुढे तू!"

मागे पडद्यांच्या गाठोड्यात रुतलेल्या वूफरने फोन पुढे धरला आणि तो खर्जात एवढंच बोलला, "ताई, हा ठेका कुणाचाच नाही. आपला आहे."

तिथून पुढे कुणाला काही सांगावं लागलं नाही. रोज सकाळी आत्या गाडी चालवायची, ताई शेजारी बोलायची आणि मागे वूफर आवाज गोळा करायचा. दाराचा धप्प आवाज त्याचा ढोल झाला. सीटबेल्टचा खटका टाळी झाला. ताईने काचेच्या खोलीतली सगळी गाणी टाकून दिली. नवा अल्बम म्हणजे एक अख्खी शिकवणी: किल्ली फिरवण्यापासून गाडी नीट लावेपर्यंत, एका गाण्यातून दुसऱ्यात जाणारी, कुठेही न तुटणारी. वेडंवाकडं ते टेपेतच राहू दिलं. इथे प्रत्येक ओळ ती दहा वेळा घासून घ्यायची. आत्यालाही सूट नव्हती. "आत्या, तो सायकलवाला पुन्हा एकदा बोल, पण मघाच्यासारखं." आत्या म्हणायची, "मग मघासारखा सायकलवाला आण!"

कंपनीच्या बाई ऐकायला आल्या तेव्हा ताईने त्यांना ऑफिसात ऐकवायला नकार दिला. "मॅडम, गाडीत बसा." बाई मागे बसल्या, गाडी आत्या चालवत होती, आणि स्पीकरवर अल्बम. चढावर गाडी जरा मागे घरंगळली तेव्हा बाईंनी वरची कडी दोन्ही हातांनी धरली. पुढे बाजारातून जाताना त्यांचा पाय ठेका धरू लागला. शेवटच्या गाण्याला आत्याने गाडी फुटपाथला अशी लावली की मध्ये बोटभरही फट नाही.

बाई उतरल्याच नाहीत. बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "यातलं एकही गाणं सुटं काढता येणार नाही."

"मग?" ताईने विचारलं.

"मग काय? मध्येच उतरायची सोय नाही, यालाच तर अल्बम म्हणतात. आत्याबाई राहू देत. मी सांगितलं ते चुकलं माझं." आणि दार उघडता उघडता म्हणाल्या, "टेपाही असू देत. तुम्ही विकू नका, आम्ही विकणार नाही. त्या नसत्या तर मी तुम्हाला शोधत आलेच नसते."

आत्या लायसन्सच्या परीक्षेत पहिल्याच फेरीत पास झाली. परीक्षा घेणाऱ्या साहेबांना तिने उतरताना विचारलं, "पडदे हवेत का?"

अल्बम आला त्या संध्याकाळी शिकवणीच्या मैदानात जिकडेतिकडे गाड्या. ताईकडे शिकून गेलेले झाडून सगळे आले होते: टॅक्सीवाले, नर्सबाई, पार्सलवाले, आणि माझी छोटी हिरवी गाडी घेऊन मी. स्पर्धेतली ती पोरंही आली, आणि टोप्या हातात घेऊन चक्क पहिल्या रांगेत उभी राहिली. वूफरने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्याने हात खाली केला आणि सगळ्यांनी एकाच क्षणी गाणं लावलं. त्या मैदानाच्या जमिनीचा हादरा तळपायातून पोटात चढला. ताई गाडीच्या टपावर उभी राहून बोलत होती, त्याच चौकापलीकडे जाणाऱ्या आवाजात, आणि प्रत्येक ओळीचा शेवट आम्ही शेकडो लोक पूर्ण करत होतो. सायकलवाल्याची ओळ आली तेव्हा आत्यासकट सगळं मैदान ओरडलं. एवढ्या गर्दीत एका पोराने आत्याकडे सही मागितली. आत्याने सही केली आणि त्याच्या शर्टाची उसवलेली शिवण बघून त्याला दुसऱ्या दिवशी घरी यायला सांगितलं.

अल्बम गाजला. स्पर्धांमध्ये आता ताई परीक्षक म्हणून बसते. मी महिनाभराने तिला भेटले तेव्हा ती वूफरच्या कोंदट खोलीत घामाघूम, कुठल्याशा परक्या ठेक्यावर काहीतरी अर्धवट बडबडत होती.

"अगं, हे काय? पुन्हा टेप?" मी म्हटलं. "आता तर दुसरा अल्बम हवा ना!"

"तो येईल तेव्हा येईल," ती माइक बाजूला करत म्हणाली. "मला आधी गप्पा मारायच्यात. बस, आणि तो डबा कसा पाडलास ते पुन्हा सांग, या वेळी मोठ्याने."