उलट्या बाजूनं लिहिलेले हात

मी चौथीपर्यंत शिकलो. पण माझ्या मुक्या भावाचे हात कागदावर उतरवले ते मी, कोण्या मास्तरानं नाही. हे आधी लिहून ठेवतो.

हातमाग बंद पडल्यावर मी हिंगण्याच्या कारखान्यात लागलो. पहिल्या पाळीला निघायचो तेव्हा भाऊ झोपेत असायचा, अन् त्याला अक्षर येत नव्हतं; निरोप ठेवायचा तरी कसा? लुगड्याच्या काठाची नक्षी काढायचे चौकडीचे कागद घरात पडून होते. त्यांच्यावरच त्याच्या खुणा मांडल्या. वरची ओळ कपाळाची, मधली छातीची, खालची कमरेची. भरलेलं घर म्हणजे मूठ, रिकामं म्हणजे उघडा पंजा. शेजारी म्हणायचा, "काहून गा, मुक्याले पोथी शिकवून राहिला का?" पण भाऊ वाचायचा. अकरा वर्षं वाचलं त्यानं.

मुक्या मुलांच्या शाळेचे मास्तर ते पाहायला आले. त्यांच्याजवळ खुणा लिहायच्या दोन परदेशी तऱ्हा होत्या. एकीत हात अक्षरांसारखे ओळीत बसवलेले, अगदी रुक्ष. दुसरीत तोंड, बोटं, बाण, चित्रंच म्हणा.

माझा कागद पाहून ते म्हणाले, "तुमचं उलटं आहे. उजवा हात उजवीकडे काढलात. समोरच्याला तो डावीकडे दिसतो."

"आमच्या मागावर सुलटी बाजू खाली असते, मास्तर. विणणारा उलटीच पाहते. बोलणाऱ्याले आपला हात जसा दिसते, तसा लिहिला मी."

ठरलं असं, की भावानं तिन्ही वाचायच्या, अन् त्याला जी सोपी जाईल ती शाळेत शिकवायची. मी इस्त्रीचा सदरा घालून भावासोबत शाळेत गेलो.

ओळींपुढे भाऊ थांबला. चित्रं मात्र घडाघडा वाचली. माझ्या कागदावर रोजचंच होतं : भात शिजव, मी येतो. त्यानं पाहिलं, अन् माझ्याकडं न पाहता मान हलवली. कळत नाही.

पाणी घेऊन आलेली बाई कौतुकानं म्हणाली, "महिन्याभरापासून रोज येते जी हा, चित्रं शिकाले. मास्तरांनी शिपायाची जागा कबूल केली ना त्याले!"

मी पाणी प्यायलो नाही.

दुसऱ्या दिवशी चुलीजवळ चौकडीचा कागद दिसला. पहिल्यांदाच त्याच्या हातचा. माझ्याच रीतीनं, उलट्या बाजूनं : रागावू नको, संध्याकाळी सोबत जेवू. एकेक घर मी वाचलं. एकही चुकलं नव्हतं.

संध्याकाळी त्यानं दोन ताटं मांडली अन् कागदाकडं बोट दाखवलं.

मी त्याच्याकडं न पाहता मान हलवली. कळत नाही.