मागच्या सीटचा पट्टा

अमानवीय अनुभव म्हटल्यावर तुम्ही रात्रीचे बारा, वाळवंट आणि केस मोकळे सोडलेली बाई धरून बसला असाल. ठेवून द्या. दुपारचे सव्वातीन, एसी गरम फुंकर मारतोय आणि बाई फक्त जीपीएसमधली. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. चाळीसगावला शाळेत भुताचे आवाज मीच काढायचो... एकदा हेडमास्तरसुद्धा पळाले होते.

मी दुबईजवळ रास अल खैमाला, नेमबाजीच्या एका क्लबमध्ये कामाला. चिकटवलं रमेशमामाने, तो तिथला जुना माणूस. क्लबचं पिस्तूल दुरुस्तीला जबल अलीला न्यायचं, आणायचं. पोलिसांचं परमिट असतं, पिस्तूल रिकामं, डब्याला कुलूप, वर चादर — बाहेरून दिसू नये म्हणून. मी गाडी चालवायचो, मामा मागे डब्याशेजारी. पट्टा कधी लावला नाही. "पोट आवळतं रे."

पिस्तूल हा शब्द रस्त्यात काढायचा नाही, म्हणून मामा त्याला बाळ म्हणायचा. निघताना कुलूप ओढून बघायचा, ओठांवर बोट ठेवायचा — "बाळ झोपलंय. चल." हे फक्त आमच्या दोघांतलं.

पोलिसाने थांबवलं तर काय, हे त्याने माझ्याकडून घोटून घेतलं होतं. आधी हात दाखव, मग तोंडाने सांग, कागद सगळ्यात शेवटी. "उलट केलंस तर खलास. नोकरी जाईल, व्हिसा जाईल, वर आत बसशील."

चार महिन्यांपूर्वी मामा गेला. हार्ट. आता मी एकटाच नेतो.

त्या दिवशी आठवड्यातली तिसरी फेरी होती. अंगात त्राण नव्हतं. मागे पोलिसांचा लाइट लागला, मी गाडी कडेला घेतली. परमिट डब्याच्या वरच्या खणात, त्याला कुलूप नसतं. डोकं इतकं बंद की सरळ उजवा हात मागे घातला. चादर बोटांना लागली. आरशात पोलीस चालत येत होता.

मागून आवाज आला. "हात."

एवढंच. मामाचा आवाज. तो आवाज मीही काढायचो, पण शेवटचं खरखरणं मला कधी जमलं नाही. ते होतं त्यात.

दोन्ही हात स्टिअरिंगवर आले. काच खाली केली.

"पीछे चाचा ने बेल्ट नहीं लगाया," पोलीस म्हणाला.

मी पाठ केल्यासारखा बोललो. "सर, गाड़ी में पिस्तौल है. खाली है. पीछे डिब्बे में. परमिट भी उधरही है."

तो एक पाऊल मागे सरकला. "हाथ ऐसे रखो." मग मागचं दार स्वतः उघडलं... आणि तसाच उभा राहिला. बऱ्याच वेळाने त्याने परमिट काढलं, डब्यावरचा नंबर ताडून बघितला, डबा जागेवर ठेवला.

"चाचा किधर गया?"

"सर, मैं अकेला हूँ."

त्याने गॉगल काढला. ओठांवर बोट ठेवलं. "मेरे को ऐसा किया. बोला, बच्चा सो रहा है. बच्चा किधर है?"

त्याने रिकाम्या सीटकडे परत एकदा बघितलं, दार अगदी हळू लावलं. "यल्ला. जाओ."

संध्याकाळी ऊद मेथाला मामीकडे गेलो. सगळं सांगितलं. मामेबहीण पिंकी म्हणाली, "दादा, नॉट फनी," आणि खोलीत निघून गेली. तिची तरी काय चूक... आयुष्यभर लोकांचे आवाज काढणाऱ्याने हे सांगितल्यावर कोण ऐकणार? तुम्हीही म्हणाल, पोलिसाला ऊन लागलं असेल. असेल. पण 'बाळ' त्याला कुणी सांगितलं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

मामी भेंडी चिरत होती. चिरतच राहिली.

"लाज वाटते का? गेलेल्या माणसाचा आवाज काढतोस?"

"मामी, तुझ्या गळ्याची शपथ. मी नाही काढला."

सुरी थांबली. आणि मग मामी खरी सुरू झाली.

"हात मागे घातलासच कसा? इतकं शिकवलं त्यांनी, ते काय भिंतीला? आता तरी त्यांना निवांत बसू देशील का घटकाभर?" डोळे पुसले, आवाज आणखी चढला. "आणि अजून पट्टा लावत नाहीत म्हणजे काय? लग्नापासून सांगतेय मी. उद्यापासून निघताना तू लावत जा त्यांना. ऐकतोस ना?"