चंद्रावरच्या बाईचं कुंकू
ओल्या कुंकवाचा वास आला की धाकट्या भावाचं चित्र आठवतं. धारला आमच्या ओसरीवर बसून त्यानं पुण्याच्या एका मासिकातल्या अद्भुत गोष्टीसाठी चंद्रावरची बाई काढली होती. ती पसंत पडली तर त्याला कायमचं काम मिळणार होतं. मी म्हटलं, "अरे, हिचं कपाळ मोकळं!" तो हसला, "आक्का, चंद्रावर कुंकू कुठलं?" तो अंघोळीला गेला आणि मी बोटानं कुंकू टेकवलं. ते अजून ओल्या असलेल्या रंगात पसरून सगळं तोंड लाल झालं. दुसरं चित्र काढून पाठवायला दिवस उरले नव्हते. तो रागावला नाही. कुंचले गुंडाळून ठेवले आणि धार संस्थानच्या दरबारात कारकून झाला. आता माझंच कपाळ मोकळं आहे. त्या बाईत काहीच कमी नव्हतं.